परंतुरावांचं अकरावं कलम

"मी लिहिलेल्या कलमातून मुंगी जरी निसटली तरी मिशी उतरवीन!" परंतुराव कचेरीत छाती ठोकून सांगत. त्यांचं खरं नाव कचेरी केव्हाच विसरली होती. कायद्यांचे मसुदे लिहिणं हे त्यांचं काम, आणि प्रत्येक कलमाच्या शेपटाला एक 'परंतु' बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सरकारला अमुक करता येईल, परंतु तमुक केल्याशिवाय नाही! त्या एका शब्दाच्या आडोशाला साधा माणूस तग धरून असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि याच माणसानं सुरक्षा विधेयकाचं अकरावं कलम 'परंतु'शिवाय लिहिलं! संशय आला की अधिकाऱ्यानं कोणत्याही इमारतीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण खुशाल बघावं. बस्स. कुणाला विचारणं नाही, पुसणं नाही.

"साहेब, परंतु राहिला वाटतं," टंकलेखिका म्हणाली.

"देशाच्या सुरक्षेत परंतु नसतो, बाई!"

देशाची सुरक्षा कसली, डोंबल! खरं कारण होतं वरच्या मजल्यावर राहायला आलेला रेडिओवरचा निवेदक. मेल्याचा आवाज मधात बुडवून काढलेला! तो नुसतं "काय वहिनी" म्हणाला तरी जिन्याचा कठडा लाजायचा. परंतुरावांचा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. आणि बायको हल्ली रोज संध्याकाळी "आलेच हं" म्हणून वर जायची आणि हसत हसत खाली यायची! आपण तिला शेवटचं कधी हसवलं होतं, हे काही केल्या परंतुरावांना आठवेना.

ती आंघोळीला गेली की ते तिचा फोन चाळत. काही सापडत नसे. सापडत नाही म्हणजे पुसून टाकलंय! संशयी नवऱ्याचं तर्कशास्त्र हे असं असतं. सरकारांचंही असंच असतं, पण त्यांना कोण बोलणार?

मग परंतुरावांनी शक्कल लढवली. विधेयकासोबत येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या नव्या यंत्रणेची चाचणी त्यांनी स्वतःच्याच इमारतीत घ्यायला लावली. जिन्यात कॅमेरे बसले. आता विधेयकाच्या सुनावणीत, भर सभागृहात, निवेदकाची गंमत सगळ्यांना दाखवतो!

पण मत्सर माणसाला दम धरू देतो का? त्याच संध्याकाळी बायको वर गेली, तसे हेही स्टीलचा पेला घेऊन पायमोज्यांवर मांजरासारखे जिना चढले. दाराला पेला, पेल्याला कान! वरच्या कॅमेऱ्याची आठवणही झाली नाही. कायदा लिहिणाऱ्याला नेहमी वाटतं, कॅमेरा दुसऱ्यांकडेच बघतो.

"मला फार भीती वाटते हो," आतून बायकोचा आवाज.

"घाबरायचं नाही. सगळ्यांसमोर सांगून मोकळं व्हायचं."

"आणि ह्यांना कळलं तर?"

"कळू द्या की! कळावं म्हणूनच तर सांगायचं."

संपलं! संसाराचा बाजार उठला!

विधेयकावर लोकांच्या हरकती ऐकायचा दिवस उजाडला. सभागृह गच्च भरलेलं. बघतात तर पुढच्याच रांगेत बायको, आणि शेजारी ते मधाचं पोळं! सगळ्यांसमोर म्हणजे इथे? ती तोंड उघडण्याआधीच परंतुराव ओरडले, "अध्यक्षबाई, आधी चाचणीचं चित्रण दाखवा!"

"ही यंत्रणा इमारतीतला सर्वांत संशयास्पद इसम आपोआप शोधते," अभियंता म्हणाला आणि त्यानं पडदा उजळला.

पडद्यावर जिना. पायमोज्यांतला एक इसम पेला घेऊन दाराला चिकटलेला, भोवती लाल चौकट! मग तोच इसम खांबामागे पोट आत ओढून उभा. मग तोच कुणाच्या तरी चपलांवर ओणवा, पुन्हा लाल चौकट! सभागृह खदखदू लागलं.

"शी! कोण हा मेला?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "धरला का ह्याला?"

"चेहरा जुळवतोय, बाई... सापडला! अहो, तो इथेच आहे, सभागृहात!"

दारावरच्या पोलिसानं झेप घेऊन परंतुरावांचं बखोट धरलं.

"बंद करा ते!" बिजागरी किंचाळली. "हे माझं खासगी आहे! न्यायाधीशाची परवानगी कुठाय?"

"अकराव्या कलमाप्रमाणे परवानगी लागत नाही," अध्यक्षबाई चष्मा सावरत म्हणाल्या. "कुणी लिहिलंय हे?"

"साहेबांनीच," टंकलेखिका म्हणाली. तिला काय तो आनंद!

तेवढ्यात बायको उभी राहिली. "मला हरकत नोंदवायचीय. चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून वरच्या दादांकडे सराव केला. बाई, हा कायदा आमच्या घरी आधीच लागू आहे! मी आंघोळीला गेले की माझा फोन तपासला जातो. त्यात काही नाही. पण काही नाही म्हणून कुणीही उघडावा का? चोर जरूर पकडा, मी आड येणार नाही. पण उघडायच्या आधी कुणाला तरी विचारा!"

आवाज एकदाही कापला नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात निवेदकाच्या. त्याही परंतुरावांना खुपल्याच!

"लिहा आता परंतु," अध्यक्षबाईंनी फर्मावलं.

एक हात पोलिसाच्या मुठीत, दुसऱ्या हातानं परंतुरावांनी लिहिलं: परंतु, न्यायाधीशाच्या लेखी परवानगीवाचून कोणतंही चित्रण पाहता येणार नाही.

घरी आल्यावर बायकोनं चहा पुढे ठेवला. कपात!

"माझा पेला कुठाय?"

"घरातले सगळे पेले वर दिलेत. दादांकडे पाहुणे आलेत."

"पाहुणे? कोण पाहुणे? तुला कशाला बोलावलंय?"

ती चहावर फुंकर घालत राहिली. "परवानगी आणा, मग सांगते."

वरून मध ठिबकला, "येताय ना वहिनी?"

"आलेच हं!"

दार लागलं. परंतुरावांनी ठरवलं, आता कान लावायचा नाही. निदान त्यांनी प्रयत्न तरी केला. मग घरात कॅमेरा नाही याची खात्री करून घेतली, चहा मोरीत ओतला, खुर्चीवर चढले आणि कप छताला लावला.

तुम्हाला म्हणून सांगतो, चिनी मातीच्या कपातून काही म्हणजे काही ऐकू येत नाही!