फार सोपं चाललंय

भेस्तानच्या आमच्या सोसायटीत भांडण जुंपलं, की नाना मध्ये पडतात आणि म्हणतात, ‘‘पंप बंद. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.’’ मग हाताची घडी घालून एकेकाचं तोंड न्याहाळत उभे राहतात.

नाना मूळ धुळ्याकडचे. जन्म गेला समुद्रातल्या तेलविहिरींवर. खाली दगडात पाण्याचा, वायूचा दाब किती असेल, ते आधी ओळखायचं हे त्यांचं काम. ‘‘न बघता कळतं कसं हो?’’ मी एकदा विचारलं आणि फसले. नानांनी माझ्या ताटलीतल्या ढोकळ्यासारख्या मऊ, गरम लोच्यात चमचा खुपसला.

‘‘खाली जावं तसा दगड वरच्या ओझ्यानं घट्ट व्हायला हवा. खोदायला जड जायला हवं. पण अचानक असं मऊ लागलं, तर खूश व्हायचं नाही. आतलं पाणी कोंडलंय. वरचं ओझं ते बिचारं पेलतंय. मग खोदताना विहिरीत चिखल ढकलणारा पंप बंद करून बघायचं. आपण ढकलत नसताना विहीर आपणहून वाहतेय? झडप लगेच लावायची.’’

लोचो गार झाला.

हेच शास्त्र ते माणसांना लावतात. माझा बंड्या न सांगता अभ्यासाला बसला, की नाना डोळे बारीक करतात. ‘‘फार सोपं चाललंय.’’ आणि मेलं खरं निघतं. गणितात नापास झालेला असतो. त्यांची बायको, आमच्या काकू, मात्र वैतागतात. ‘‘पहिले तुमना पंप बंद करा,’’ धुळ्याकडच्या बोलीत म्हणतात.

गेल्या महिन्यात काकूंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. जगतात की नाही, अशी अवस्था. आणि नाना बाहेर बाकावर बसून गप्पा हाणतायत. वॉचमनला विनोद सांगतायत, नर्सला हसवतायत. फार सोपं चाललं होतं.

‘‘नाना,’’ मी म्हटलं, ‘‘पंप बंद. दोन मिनिटं.’’

ते गप्प झाले. माझ्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून धार लागली. ‘‘ती गेली तर मला गप्प कोण करेल गं?’’

डॉक्टर येऊन काकू सुखरूप असल्याचं सांगून गेले, तरी धार थांबेना. झडप लगेच लावायची, हा त्यांचाच नियम. मी नाही लावली. शेजारी बसून राहिले.