हरिचंद्रशेठचा बॅनरवरचा गॉगल

बदलापूरजवळच्या चामटोलीच्या हरिचंद्रशेठना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायची हौस आली. (त्याआधी घोड्याची आली होती. घोडा आता सासुरवाडीला असतो.) घाटावरच्या फ्लाइंग क्लबात शिकून झालं, शेवटची परीक्षा गुरुवारवर आली आणि डॉक्टर म्हणाले, "चाळीशी लागलीय. चष्म्याशिवाय उडायचं नाही, आणि एक जादा चष्मा जवळ हवाच." काच कसली घ्यायची तेही त्यांनी कागदावर लिहून दिलं. शेठनी कागद खिशात घातला. वाचायला चष्मा कुठे होता?

इकडे मेहुणा भूपेशने कात्रपच्या नाक्यावर बॅनरची जागा आधीच धरून ठेवली होती. "भाऊजी, बॅनरवर गॉगल पायजेच! साध्या चष्म्यात लोक म्हणतील, तलाठी झाला." अख्ख्या गावाला सांगून झालं होतं. आता नापास होणं म्हणजे गाव सोडणं.

शेठ बायकोला, विनिताला, घेऊन उल्हासनगर कॅम्प एकमध्ये महेशच्या चष्म्याच्या दुकानात गेले.

"पायलट के लिए? फिर पोलराइज्ड गॉगल लो, शेठ! नंबर डालके देता. एक पे एक फ्री!"

फुकटच्या फ्रेमवर विनिताने झडप घातली. गुलाबी, कडेला खडे, काच साधी. दोघांच्या चाळीशीचा नंबर एकच होता. (पंचवीस वर्षांच्या संसारात जुळलेलं तेवढंच.)

"अहो, घरी मी लावीन, परीक्षेला तुमचा जादा म्हणून न्या. डब्यातून बाहेर कुठं काढायचाय?"

गुरुवारी धावपट्टीवर विमानात शेजारी परीक्षक यशोधरा मॅडम बसल्या. शेठनी ऐटीत गॉगल चढवला आणि समोरचा वेग-उंचीच्या काट्यांचा पडदा काळाठिक्कर! घाबरून मान तिरकी केली, तर पडदा दिसायला लागला. सरळ केली की गायब. बोंबला! पण बॅनरची जागा आठवली आणि शेठनी तशाच वाकड्या मानेने विमान वर नेलं.

"मान अवघडलीय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, जन्मापासून अशीच आहे."

"सरळ करा बघू."

शेठनी केली, आणि तोंडातून रोज वीज जाणाऱ्या बदलापूरकराची जन्माची सवय बाहेर पडली, "गेली लाईट!"

मॅडमनी विमान स्वतःच्या हातात घेतलं. "पोलराइज्ड आहे ना? त्यातून पडदा दिसत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल की!"

"दिलंय. खिशात आहे."

"जादा चष्मा काढा. नाहीतर आत्ता खाली उतरू, नापास."

शेठनी डबा उघडला. खडे चमकले. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या, फक्त खांदे हलत होते. पण गुलाबी चष्म्यातून काटान् काटा लख्ख दिसला आणि विमान पिसासारखं उतरलं.

पास! शेठच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या आनंदात त्यांनी सेल्फी काढून घरच्या ग्रुपवर टाकला. नाकावर काय आहे, ते साफ विसरून.

भूपेशचा छापखाना फारच तत्पर. शेठ कात्रपला पोचले तेव्हा नाक्यावर वीस फुटी बॅनर झळकत होता, 'हवाई सम्राट', आणि डोळ्यांवर गुलाबी चष्मा, खडे पुरीएवढे. खाली विनिता एकटीच मान वर करून कधीची बघत उभी होती. शेठना भरून आलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ही आपल्याकडे अशी बघतेय!

"काय बघतेस गं?"

"अहो," विनिता म्हणाली, "हा चष्मा मलाच जास्त शोभतो. काढा बघू."