रोजच्या चाळीस कोसांसाठी जुनी गाडी घेतल्याची हकीकत

श्रीगजाननास आणि हमरस्त्यावरील सर्व खड्ड्यांस नमन करोन, शके १९४७ विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख मासापासोन जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. जास्त लिहिले असेल तर थोरांनी क्षमा करावी. कमी काही लिहिले नाही.

कोणे एके राज्यात, की ज्याचा विस्तार दोन खोल्या आणि एक गॅलरी, राजश्री भालचंद्रपंत नांदत होते. त्यांची भार्या सौभाग्यवती वैजयंतीबाई वीस कोसांवरील सरकारी दवाखान्यात रक्त तपासावयाचे कामी नेमिल्या होत्या. जाणे वीस, येणे वीस, आणि एसटी आपले मर्जीने येणार, ऐसी अवस्था. दोनदा उशीर जाहला, तेव्हा तेथील साहेबांनी ताकीद दिली की, "मॅडम, आता एकदा जरी नऊनंतर अंगठा लागला, तर मुख्यालयी राहायचं. जाऊन-येऊन बंद." घरी कन्या ओवी चार वर्षांची, तिला टाकोन राहणे बाईंस मरणप्राय. म्हणोन गाडी घेणे प्राप्त जाहले, आणि खजिना बेताचा, म्हणोन जुनी घेणे प्राप्त जाहले.

मग मसलत बसली. मसलतीस पंतांचे तीर्थरूप आबासाहेब बसले, आणि मामासाहेब बसले, की ज्यांनी तरुणपणी जीप हाकिली होती आणि ती विहिरीत घातली होती, म्हणोन वाहनविद्येत ते प्रमाण. बाई चहा करीत होत्या. मग अवघी मंडळी जुन्या गाड्यांचे बाजारी दाखल जाहली. दलाल जगन्नाथशेट सामोरे आले आणि प्रत्येक गाडीवर हात ठेवोन म्हणो लागले, "डॉक्टरची गाडी आहे साहेब. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. दुसरं काही माहीतच नाही हिला." बाजारभर गाड्या, आणि सर्व वैद्यांच्याच, इतके वैद्य असोन राज्यात रोग शिल्लक कसा राहिला, हे कळत नाही.

बाईंनी एक लहान गाडी हेरिली. सीएनजीवर चालणारी, लाखावर किलोमीटर फिरलेली, परंतु हमरस्त्यावर एकाच मालकाने फिरविलेली आणि वेळचे वेळी तेलपाणी जाहलेली. बाई बोलिल्या, "रोज पळणारी आहे, रोज पळेल. आणि हिचे पार्ट तिकडे कुठल्याही गॅरेजात मिळतात." मामासाहेब हसोन बोलिले, "लाख फिरलेली? सूनबाई, म्हातारी आहे ती. उद्या विकायला काढली तर कुत्रं विचारणार नाही." घेण्यापूर्वी विकण्याची चिंता करावी, ही त्या राज्याची जुनी रीत. मग थोर रथ पाहिला: पांढरा, पेट्रोलचा, आठ वर्षांत जेमतेम फिरलेला, बाकी काळ शेडमध्ये उभा. आबासाहेबांनी दार आपटोन पाहिले, आणि मामासाहेबांनी टायरास लाथ घातली, आणि पंतांनी हॉर्न वाजविला, आणि नंबराची बेरीज नऊ आली. बाईंनी पुसिले, "लिटरला किती देते?" शेट बोलिले, "चालवण्यावर आहे, ताई." आबासाहेब सद्गदित होवोन बोलिले, "लग्नकार्याला अख्खं घर मावेल रे यात!" बाई बोलिल्या, "आबा, मला रोज एकटीलाच जायचंय." हे कोणी ऐकिले नाही, पेढे वाटणे चालू होते.

मग सोमवारी मुहूर्त. रथास हार घातला, चाकांखाली लिंबे ठेविली, आणि नव्या वाहनाने पहिले देवास जावे म्हणोन बाईंबरोबर सर्व मंडळी चढली. स्टेअरिंग मामासाहेबांनी घेतले, वडीलपणाचा मान म्हणोन. दर्शन जाहले, आणि मग मामासाहेबांस मिसळीची इच्छा जाहली. बाई घड्याळ दाखवीत होत्या. "पोचतेस गं, आता आपली गाडी आहे," ऐसे पंत बोलिले. मग घाटात रथाने वाफ सोडिली. उभ्या उभ्या रबरी नळ्या वाळल्या होत्या, त्या फुटल्या. मामासाहेबांनी बॉनेट उघडिले, आत पाहिले आणि पुन्हा लाविले. इतकी विद्या त्यांस अवगत होती. अंगठा साडेअकरास लागला, आणि साहेबांनी हुकूम काढिला.

बाई दवाखान्यामागील खोलीत राहो लागल्या. ओवी दारापाशी चप्पल घालोन बसे, हे लिहिताना लेखणी जड होते. मग कन्येस आईची भेट करविणे पंतांकडे आले. कचेरी सुटली की जाणे वीस, येणे वीस. रथ पेट्रोल पाण्यासारखे पिई आणि दर आठवड्यास रुसे. चार महिन्यांत पंतांची पाठ गेली आणि अक्कल आली. मग कोणास न पुसता ते बाजारी गेले, रथ देवोन ती लहान गाडी मागितली. लाख फिरलेली म्हणोन ती तैसीच उभी होती. रंग पाहिला नाही, बेरीज केली नाही. शेट "डॉक्टरची..." म्हणो लागले, तो पंतांनी हात जोडिले, "शेट, चावी द्या फक्त."

गाडी दवाखान्यापुढे उभी राहिली. बाई बाहेर आल्या आणि गाडीभोवती एकदा फिरल्या.

"हीच ना ती?"

"हीच."

"मग चार महिने मी इथे कशासाठी राहिले?"

पंतांनी चावी बाईंचे हाती ठेविली. पुढे साहेबांनी मेहेरबान होवोन पुन्हा जाऊन-येऊन करावयाची मुभा दिली, आणि बाई नित्य नऊपूर्वी पोचतात.

ऐसी ही मोहीम. मामासाहेब हल्ली सर्वांस सांगतात की, गाडी आम्हीच निवडिली. फत्ते म्हणावी तर फत्ते. परंतु बाई घरी परतल्या त्या रात्री ओवीस जवळ घेवो गेल्या, तो ती आजोबांचे अंथरुणात केव्हाच निजली होती. चार महिन्यांत ती आईवांचून निजावयास शिकली. घडले ते लिहिले. याहून अधिक लिहवत नाही.