दोन डब्यांची चटणी

आकारामच्या कांडप केंद्राच्या भिंतीवर लाल रंगात एकच वाक्य होतं : 'एकीची चटणी दुसरीच्यात जाणार नाही.' फुलेवाडीत या वाक्यावरच त्याचा धंदा चालायचा. उन्हाळ्यात बायका वर्षाची कांदा-लसणाची चटणी कुटायला यायच्या, यंत्रासमोरच्या बाकावर बसायच्या आणि शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत नजर हलवायच्या नाहीत. कोल्हापुरात बाई एक वेळ घराची किल्ली शेजारणीकडे देईल, पण चटणीत काय काय घातलंय ते सांगणार नाही.

त्याची बायको संयोगिता अधूनमधून म्हणायची, "अवो, जन्मभर दुसऱ्याचंच कुटत बसायचं व्हय? काय तरी येगळं करूया की."

"येगळं काय न्हाय. लोकांनी आणल्यालं कुटायचं आन् लोकांस्नी द्यायचं," असं म्हणून आकाराम विषय मिटवायचा. नव्या वाटेला त्याचा पायच उचलत नसे.

त्या मंगळवारी बयाबाई आणि तानाबाई नेमक्या एकाच वेळी आल्या. दोघी सख्ख्या जावा. सासू गेल्यावर घर वाटून झालं, भांडी वाटून झाली आणि त्या वाटणीत दोघींचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. आकाराम यंत्राखाली शिरून पट्टा बसवत होता, म्हणून डबे संयोगितानं घेतले.

"मी देवळात बसती," बयाबाई म्हणाली. "हितं बसवत न्हाय."

"मी समोरच्या दुकानात हाय," तानाबाई भिंतीला उद्देशून म्हणाली. "हितली हवा बरी न्हाय."

दोघी गेल्या आणि बाक पहिल्यांदाच रिकामा राहिला. तेवढ्यात मागच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि संयोगिताही आत पळाली.

आकाराम हात पुसत बाहेर आला. समोर दोन सारखेच डबे होते आणि दोन्हींवर एकच नाव कोरलेलं होतं : हंबीरराव. एकाच घरचं मोठं कांडप दिसतंय, असं समजून त्यानं दोन्हींतल्या मिरच्या यंत्रात लोटल्या. मग दोन्हींतला भाजलेला मसाला, मग दोन्हींतला तळलेला कांदा-लसूण.

संयोगिता पदराला हात पुसत आली. "बयाकाकूंचं झालं वाटतं. तानाकाकूंचं कवा घेताय?"

"तानाकाकूंचं कुठलं?"

संयोगितानं दोन्ही रिकाम्या डब्यांकडं बोट दाखवलं. जावांच्या सासऱ्यांच्या नावाचे डबेसुद्धा वाटणीत एकेक गेले होते, हे आकारामला तेव्हा कळलं. त्यानं यंत्राकडं पाहिलं, भिंतीवरच्या वाक्याकडं पाहिलं आणि मटकन बाकावर बसला.

"संपलं. गावभर बोंब हुणार. आता कुत्रं बी यायचं न्हाय हितं कुटायला."

"बोंब मागनं. आधी निम्मी-निम्मी भरा," संयोगिता म्हणाली आणि यंत्राच्या कडेची चटणी तिनं बोटानं चाटली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी तिनं परत बोट फिरवलं. "पर अवो, असली चव मी कुठंच खाल्ली न्हाय. ही नक्की कुणाची चव म्हणायची?"

"तुला चवीचं पडलंय व्हय!"

दोघी दोन दिशांनी आल्या, डबे घेऊन दोन दिशांनी गेल्या. आकारामच्या तोंडची चवच गेली. दारात सावली पडली की तो यंत्राखाली शिरायचा. पण तक्रार काही आली नाही, आणि ती का येत नाही याचं संयोगिताला भलतंच कुतूहल लागून राहिलं.

पुढच्या सोमवारी बयाबाई आली. तिनं डबा आदळला. "आकाराम, खरं सांग. चटणीत काय घातलंस?"

आकारामनं हात जोडले. "काकू, चूक झाली—"

"चुकीचं कोण इचारतंय? काय घातलंस त्ये सांग. आमच्या मालकांनी पयला घास खाल्ला आन् रडायलाच लागलं. म्हणालं, आईची चटणी हाय ही. एवढी वर्सं मी करती, कधी 'बरी हाय' बी म्हणालं न्हाईत!"

"आमच्यात बी त्येच झालं की," दारातून आवाज आला. तानाबाई होती. जावेला पाहून तिनं तोंड मिटलं, पण बोलून गेली ते गेलीच.

आकाराम गप्प राहिला असता, पण संयोगिताला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. मग दोन्ही जावा एका सुरात आकारामवर ओरडल्या, "डोळं फुटलं व्हतं व्हय तुजं?"

वाटणीनंतर दोघींचं एकमत झालेलं हे पहिलंच.

"पर काकू," संयोगितानं विचारलं, "सासूबाईंनी तुमास्नी चटणी शिकीवली कशी?"

"आत्याबाईंनी मला मसाला भाजायला शिकीवलं," बयाबाई म्हणाली. "कांद्याला हात लावू देत न्हवत्या."

तानाबाईनं मान वर केली. "मला कांदा-लसूणच तळाय लावायच्या. मसाल्याच्या वक्ताला पाण्याला धाडायच्या."

दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडं बघत राहिल्या. सासूनं निम्मी निम्मी चटणी शिकवली होती. दोघींवर भरवसा नव्हता म्हणून, की दोघींनी एकत्र राहावं म्हणून, हे विचारायला आता सासू नव्हती.

"आकाराम, परत कर तशीच," बयाबाई म्हणाली.

"काय?"

"चूक."

"आन् ह्या बारीला मी बाकावर बसणार," तानाबाई म्हणाली.

"बस की. बाक काय माझ्या बाचा हाय?" बयाबाई थोडी सरकली.

पुढच्या वेळी दोघी आल्या तेव्हा रांगेतल्या चिमणाबाईनं हळूच विचारलं, "आकाराम, माझी बी कुणाच्यात तरी चुकीव की. पर बरी करणारीच्यात."

संयोगिता लाल रंग आणि ब्रश घेऊन आलीच. आकारामनं 'येगळं काय न्हाय' म्हणायला तोंड उघडलं, बाकावर खोबऱ्यावरून वाद घालणाऱ्या जावांकडं पाहिलं आणि तिच्यासाठी स्टूल धरलं. भिंतीवरच्या वाक्याच्या आधी तिनं एक शब्द वाढवला : 'विचारल्याशिवाय'.

कांडप झालं. दोघी वाद घालतच उठल्या आणि एकेक डबा उचलून एकाच दिशेनं निघाल्या. कुणी कुणाचा डबा उचलला, ते कुणीच बघितलं नाही.