'खणखणणे'चं वाक्य

स्वयंपाकघरात चमचा पडला. एवढुसा चमचा, पण घरातल्या शांततेत त्याने मोठं पातेलं पडल्याचा आव आणला. आईचं पेन हवेतच थांबलं. पाच वर्षांची थोरली दारात उभी राहून चमच्याकडे बोट दाखवत होती. म्हणजे पडला तो चमचा, मी नाही. पाळण्यातल्या धाकट्याने ओठ मुरडले आणि पुन्हा डोळे मिटले.

"बारा वाजेपर्यंत अजिबात आवाज नको," आई कुजबुजली. "कोणीही आलं तरी."

"कोणीही?"

"कोणीही."

बारा वाजता छापखान्याचा माणूस शब्दकोशाचं तपासलेलं पान न्यायला येणार होता. धाकट्याच्या जन्मानंतरचं हे तिचं पहिलंच काम. देताना संपादकबाईंनी "जमेल ना गं?" असं तीनदा विचारलं होतं. सगळं पान झालं होतं, फक्त 'खणखणणे'पाशी गाडी अडली होती. घंटा, फोन वगैरे मोठ्याने वाजणे, हा अर्थ झाला. समासात बाईंची लाल शाई होती: 'वापर? वाक्य हवं.'

वाक्य सुचायला शांतता हवी, म्हणून सकाळीच तिने दारावरच्या बेलचा खटका बंद केला होता. फोन रजयांच्या तळाशी गेला होता, गजराचं घड्याळ पिठाच्या डब्यात. थोरलीच्या तिचाकीच्या घंटीवरही मोजा चढवला होता. घरात खणखणेल असं काही उरलं नव्हतं, आणि वाक्यही सुचत नव्हतं.

"आई, ते काका गेले," बऱ्याच वेळाने थोरली कानाशी येऊन म्हणाली.

"कोणते काका?"

"पिशवीवाले. बेल दाबली, मग दार वाजवणार होते. मी खिडकीतून अशी खूण केली." तिने ओठांवर बोट ठेवलं. "शहाणे आहेत. चपला हातात घेऊन जिना उतरले."

आई गॅलरीत धावली. पिशवीवाला फाटकाशी सायकलचं कुलूप काढत होता. हाक मारावी, तर पाळणा पाठीशीच. फोन करावा, तर तो चार रजयांखाली. त्याने पायडलवर पाय ठेवला. आईने तिचाकी उचलून कठड्याला टेकवली, मोजा ओढून काढला आणि घंटी अशी वाजवली की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

माणूस थांबला. त्याने वर पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे ओठांवर बोट ठेवलं.

तोवर धाकट्याने सूर लावला होता.

तो पुन्हा वर आला तेव्हा बाळाला खांद्यावर टाकून आईने उभ्याउभ्याच लिहिलं: 'घंटी खणखणली आणि जाणारा माणूस परत आला.'

"माझ्या नातीला झोपेतून उठवलं की माझ्याशी दिवसभर कुणी बोलत नाही," पान पिशवीत ठेवत तो म्हणाला. "म्हणून म्हटलं, जाऊ दे." बाळ टाहो फोडत असतानाही जाताना तो चवड्यांवरच चालत गेला.

थोरली मोजा हातात धरून सगळं बघत होती.

"आई, मग 'कोणीही' म्हणजे नक्की कोण गं?"