शेषराव सरांचा गूळ

शेषराव सरांच्या घरी पाणी मागायची सोय नव्हती. मागितलं की एकीकडे तांब्या, दुसरीकडे गुळाची ताटली यायची, आणि आपला हात कुठं जातो ते हा गृहस्थ टक लावून बघायचा. पुढच्या खेपेला ताटली उजवीकडून डावीकडे गेलेली!

गूळपाणी आमच्या आष्टीत सगळेच देतात, पण असं कुणी देत नाही. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. त्या दुष्काळात आम्ही टँकरमागे पळत होतो आणि हे महाशय पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्याला दोन-दोन बाटल्या लावत होते. एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या.

"अहो, इथं माणसांना पाणी मिळेना!" मी तडकलो.

"माझ्या वाटणीचं देतोय, सर. खुशीतला उंदीर गोडाकडं पळतो. लई दिवस तरास झाला की त्याला गोडाची गोडीच ऱ्हात न्हाई. बाटल्यांच्या जागा तेवढ्या बदलायच्या, न्हाईतर सवयीनं पितंय येडं."

मी गुळाला हात लावला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी दारात. "झोप लागती का? मन रमतं का?" मग माझ्या बायकोला हळूच, "वहिनी, सरांना जपा." ती बिचारी रडायलाच लागली.

"अहो, मधुमेह आहे मला!" मी ओरडलो.

"मग कावून सांगितलं न्हाई बे!" सरांनी मला 'बे' म्हटलं ते त्याच दिवशी, आणि मग दोघंही पोट धरून हसलो.

सरांचा धाकटा भाऊ भानुदास साखर कारखान्यात होता. तोंडाची टकळी चालू आणि खिशात कायम मूठभर साखर. दुष्काळाच्या सुरुवातीलाच ऊस वाळला, कारखाना बंद पडला आणि भानुदास सरांच्या ओट्यावर बसून राहिला. बोलणं नाही, हसणं नाही, गूळ तर नाहीच. कुणी म्हणालं आळस चढलाय, कुणी म्हणालं करणी केलीय.

सर भडकले. पिंजरा घेऊन थेट पारावर गेले. "हा उंदीर बगा! ह्यो बी गोड खाईना. ह्याला काय कामचुकारपणा करायचाय? ह्याच्यावर कुणी करणी केली? उंदीर म्हंजी माणूस न्हवं, मान्य. पण आजार मेंदूतबी होतो, एवढं तर दिसतंय का न्हाई?" मग सर भावाला एसटीनं नगरच्या डॉक्टरांकडे नेऊ लागले.

एका दुपारी मी गेलो तेव्हा भानुदास शेजारीच बसला होता. तांब्या आला, ताटली आली. त्याचा हात तांब्याकडे गेला, थांबला आणि ताटलीकडे वळला. खडा तोंडात टाकून त्यानं तोंड वाकडं केलं.

"दादा, कुठनं आणलास ह्यो गूळ? खारट हाय की! खाऱ्या पाण्यावरचा ऊस दिसतोय."

"लई खारट हाय! लई!" सर आनंदानं ओरडले आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले. तांब्या तर भरलेलाच होता.

मी मागोमाग गेलो. ते भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. "एकट्या भानूपुढंच गूळ ठिवला असता, तर आपली परीक्षा चाललीय असं त्याला वाटलं असतं, सर. म्हणून आल्यागेल्या सगळ्यांपुढंच ठिवला."

मी बाहेर आलो, तर भानुदासनं ताटली माझ्यापुढं सरकवली. "घ्या की सर, बगा तुमीच."

मधुमेह गेला खड्ड्यात. मी खडा उचलला. खरंच खारट होता.