कोचरेकरांचा धूर

तुळजापुरात देवीपुढं नारळ फोडणाऱ्यांना तोटा नाही आणि फुटलेल्या नारळाचं खोबरं खाणाऱ्यांना तर मुळीच नाही. पण त्या नारळांच्या शेंड्या वेचून घरी नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गणपत कोचरेकर. रोज सकाळी देवळाच्या पायऱ्यांपाशी हा गृहस्थ खाली वाकून शेंड्या गोळा करायचा. एकेक झटकायचा, नाकाशी धरून हुंगायचा आणि कचेरीचे कागद न्यायच्या खाकी पिशवीत भरायचा. ओली शेंडी हाताला लागली की बाजूला टाकायचा आणि म्हणायचा, "ह्यां काय खरां नाय!"

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नव्या सरकारनं शेंड्यांवर कर बसवला. त्या दिवसांत रोज काहीतरी नवीन निघायचंच. मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला आणि आम्ही तहसील कचेरीतली माणसं जागच्या जागी बसलेली असताना बुडाखालचं राज्य बदललं. माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फायली, आणि अर्ज्या यांतच निम्मी उमर गेली. गावात मला सगळे मुन्शीजी म्हणायचे आणि मलाही ते आवडायचं. एके दिवशी वरून हुकूम आला, आता दफ्तर मराठीत. घरी मराठी बोलणं वेगळं आणि सरकारी मराठी लिहिणं वेगळं. मी मसुदा मनात उर्दूत करायचो, कागदावर मराठीत उतरवायचो आणि तो वाचून साहेबही गोंधळायचे आणि मीही.

आम्हाला मराठी दफ्तर शिकवायला जी माणसं पाठवली, त्यांत वेंगुर्ल्याकडचे हे कोचरेकर आले. ते माझे मसुदे सुधारायचे आणि मी त्यांना जुन्या उर्दू मिसली वाचून दाखवायचो. मिसल हातात घेतली की ते आधी हुंगायचे. "ही पावसात भिजलेली आसा," म्हणायचे, आणि उघडून बघावं तर आतली शाई खरंच पसरलेली असायची. माणूस हुशार होता. फक्त तुळजापूरला तो परदेश म्हणायचा.

"अहो, आता एकच राज्य झालं ना आपलं?" मी एकदा म्हटलं.

"मुन्शी, ज्या गावात सगळ्या माशांका नुसता 'मासा' म्हणतत, तो परदेशच."

आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. माझ्या लेखी मासा म्हणजे विष्णूचा पहिला अवतार. त्यापलीकडं माझी ओळख नव्हती.

शेंड्यांचं कोडं सुटलं ते नवरात्र झाल्यावर. कचेरीसमोर चहा पिताना कोचरेकरांनी खिशातून पत्र काढलं. पत्र बायकोचं होतं. दीड वर्ष हे तिला इकडं बोलावत होते आणि ती एकच उत्तर पाठवायची, तिथं समुद्र नाही, मी खाऊ काय? शेवटी टेकीला येऊन यांनी लिहून टाकलं, इथं सगळं मिळतं, माझ्या चुलीवर धुराचे बांगडे टांगलेले असतात. त्यावर तिचं उत्तर आलं होतं. असं असेल तर मार्गशीर्षात आठ दिवस येऊन बघते. बरं वाटलं तर राहीन.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"कसलां चांगलां! बांगडो रवलो बाजूक, माझ्याकडे चूलसुद्धा नाय!"

ते खरंच होतं. कोचरेकर खानावळीत जेवायचे. म्हणजे दीड महिन्यात त्यांना चूल मांडायची होती, तिच्यावर टांगायला बांगडे शोधायचे होते आणि ते धुरवायचे होते. नाहीतर बायको परत जाणार आणि हे पेन्शन होईपर्यंत खानावळीची आमटी ओरपणार.

मी विचारलं, धुराचा बांगडा म्हणजे काय? त्यांनी मला तो असा सांगितला की जणू मी उद्यापासून दुकान काढणार आहे. बांगडा मधून चिरायचा, मीठ भरायचं, उन्हात वाळवायचा. मग चुलीच्या वर तारेला टांगून खाली नारळाची सोडणं जाळायची. सोडण म्हणजे नारळाच्या अंगावरचं जाड साल. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. आठ दिवसांत तो तांब्यासारखा लाल होतो. मग निखाऱ्यावर भाजायचा, काटे काढायचे आणि गरम पेजेबरोबर खायचा. सांगताना त्यांचे डोळे मिटले होते आणि माझा चहा गार झाला होता. अडचण अशी की आमच्याकडं नारळ येतात ते सोललेले. सोडण कोकणातच राहतं, इथवर पोहोचते ती फक्त शेंडी. म्हणून रोजची ती वेचणी.

"पण तुम्ही कधी धुरवलाय?"

"छे! मी खाल्लंय. धुरवता ती."

इथं मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

ते सोनाबाईंच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. सोनाबाई म्हणजे अंगणात बसून सगळी गल्ली चालवणारी बाई. मटणाला तिची ना नव्हती, पण माशाचं नाव काढलं की पदर नाकाला. कोचरेकरांनी तिला बांगड्याचं काही सांगितलंच नाही. नुसती मागच्या पडवीत चूल मांडली, वर तार बांधली आणि शेंड्यांच्या धुराचा सराव सुरू केला. तारेला आधी कांदे टांगले, मग वांगी. दोन्ही काळी झाली. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की धोतर खोचून चुलीपुढं पाटावर बसायचे, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायचे. ते धूर किती वेळ टिकतो हे मोजत होते, हे मला माहीत होतं. गल्लीला माहीत नव्हतं.

एके दिवशी सोनाबाईनं मला रस्त्यात गाठलं.

"मुन्शीजी, आमचे कोकणातले साहेब लई मोठे भगत हायेत, व्हय?"

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? रोज सकाळच्याला देवळात जातेत, देवीच्या नारळाच्या शेंड्या आणतेत, सांजच्याला धुनी पेटवून जप करतेत. रडतेत पण. म्या माझ्या डोळ्यांनी बगितलंय."

खरं सांगावं तर कोचरेकरांची खोली जाते, खोटं सांगावं तर देवीचं गाव. मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका पडवीत यायला लागल्या. लेकराला दृष्ट लागली म्हणून एक, म्हैस दूध देईना म्हणून दुसरी. "साहेब, थोडी राख द्या की," म्हणायच्या. कोकणात नारळाच्या राखेनं भांडी घासतात, दातसुद्धा घासतात. कोचरेकरांना वाटलं, शेवटी या परदेशातल्या बायकांना चांगल्या राखेची पारख आली. ते ओंजळीनं द्यायचे आणि वर सांगायचे, "बरी चोळून लावा हां. लख्ख होईल." बायका त्यातली चिमूटभर पदरात बांधून, मागं न बघता जायच्या आणि घरी कपाळाला लावायच्या. ते मला म्हणाले, "मुन्शी, तुमची माणसां बरी आसत हो. फक्त भांडी खूपच कमी घासतत. चिमूटभर राख नेतत." मी नुसता खोकलो.

इकडं बांगड्यांचा शोध चालू होता. आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील मिळाले. ते त्यांनी हुंगून परत ठेवले. नळदुर्गला जाऊन भोयाकडून मरळ नावाचा नदीचा मासा आणला, चार दिवस धुरवला आणि एक घास खाऊन सोनाबाईच्या मांजराला दिला. मांजरानंही हुंगून सोडून दिला. "ह्यां काय खरां नाय," कोचरेकर म्हणाले, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा त्यात थट्टा ऐकू आली नाही. मार्गशीर्षाला बारा दिवस उरले होते.

शेवटी सोलापूरच्या मालधक्क्यावर त्यांचा एक गाववाला निघाला. त्यानं मुंबईहून खारे बांगडे मागवून दिले. कोचरेकर रजा काढून आणायला गेले. दुपारच्या मोटारीनं यायचे ते आले दुसऱ्या दिवशी सकाळी, चालत. डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं आणि मागं पाच कुत्री. मोटारीतल्या लोकांनी वासानं हैराण होऊन त्यांना तामलवाडीला उतरवलं होतं. रात्र त्यांनी तिथं चावडीत काढली आणि उजाडल्यावर घाट चढून आले. पायाला फोड आले होते, पण चेहरा असा की नवरदेवच वरातीतून उतरलाय.

त्या संध्याकाळी तारेला दोन डझन बांगडे टांगले गेले. तासाभरात गल्ली रस्त्यावर आली. कुणी म्हणालं उंदीर मेला, कुणी म्हणालं कातड्याची गाडी उलटली. मी नाकाला उपरणं लावून मधे उभा. सोनाबाई वास घेत घेत पडवीत पोहोचली आणि तिनं वर बघितलं.

"आगं बया! मासं!" ती ओरडली आणि आधी कपाळावरची राख पुसली. "मुन्शीजी, तुमाला ठावं हुतं?"

आता माझ्या मानेला हो म्हणावंच लागलं. सोनाबाई कोचरेकरांकडं वळली. "उद्या खोली रिकामी करा. म्या धुनी समजून लेकराच्या कपाळाला लावली की वो!"

कोचरेकर भांबावून माझ्याकडं बघत राहिले. राख कपाळाला कशाला लावायची, हेच त्यांना कळेना. मग ते हात जोडून, शुद्ध मराठीत, अगदी अर्जासारखं बोलले, "बाई, माझी बायको येणार आहे. मी तिला खोटं लिहिलंय की माझ्या चुलीवर बांगडे असतात. ती आल्यावर ते दिसले नाहीत तर ती राहणार नाही."

सोनाबाईनं पुन्हा वर टांगलेल्या बांगड्यांकडं बघितलं.

"किती वर्सं झाली एकलं राहून?"

"दीड."

"मग आदी सांगाया काय झालं हुतं?" ती म्हणाली आणि गल्लीकडं तोंड करून ओरडली, "जावा गं आपापल्या घरी! मानसाची बायकू यायलीय. चार दिस वास आला तर मरत न्हाय कुनी."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पडवी सारवली. नाकाला पदर लावूनच, पण सारवली. बांगडे रोज थोडे थोडे लाल होत गेले. मला वासातलं काही कळत नाही, पण कोचरेकर एकेक हुंगून हसायला लागले, त्यावरून जमलं असावं.

कोचरेकरांची बायको यायच्या दिवशी आम्ही दोघं मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. कोचरेकरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. सोलापूरची पहिली मोटार आली, दुसरी आली, शेवटची आली. प्रत्येक मोटारीतून उतरणाऱ्या बाईकडं ते दोन पावलं जायचे आणि थांबायचे. शेवटच्या मोटारीतून एक म्हातारा कोंबड्या घेऊन उतरला आणि मग दार लागलं. "मिरजेची गाडी चुकली असेल," मी म्हणालो. त्यांनी कोट काढून हातावर घेतला. 'ह्यां काय खरां नाय' हे नेहमीचं वाक्यसुद्धा ते बोलले नाहीत. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी कचेरीत कार्ड आलं. त्यांनी वाचलं, मग हुंगलं, मग माझ्यापुढं ठेवलं. सासूबाई, म्हणजे कोचरेकरांची आई, पडवीत पडल्या होत्या, पाय मोडला होता. त्यांना टाकून येणं होत नाही, आता कधी होईल सांगता येत नाही. शेवटी लिहिलं होतं, बांगडे तुम्हीच खा, धुरावर जास्त दिवस ठेवू नका, कडू होतात.

माझं सरकारी मराठी कच्चं होतं, पण ती ओळ मला लगेच कळली.

महिनाभर कोचरेकर मुकाट्यानं काम करत राहिले. थोडे बांगडे त्यांनी खाल्ले, चार सोनाबाईला दिले. तिनं भाकरीबरोबर खाऊन निकाल दिला, "खारट हाय, पर वंगाळ न्हाय." आणखी दोन मागून नेले. शेंड्या वेचणं मात्र थांबलं नाही. संध्याकाळी मागच्या पडवीतून धूर निघतच राहिला. मला वाटलं, नवीन बांगडे आणले असतील.

एका संध्याकाळी कागदावर सही हवी म्हणून मी गेलो. चुलीत शेंड्या धुमसत होत्या. कोचरेकर पाटावर बसले होते. वर तार रिकामी होती.

"बांगडे कुठायत?"

"संपले. झाले आठ-दहा दिवस."

"मग धूर कशाला?"

त्यांनी चुलीतली शेंडी जरा सारली. "तसोच," ते म्हणाले. "घरी ह्या वेळाक चुलीपाशी ती आसता. आई तिच्यावर खेकसत आसता. काय नाय, तसोच आपलो."

मी हातातला कागद घडी करून खिशात घातला. मी त्यांच्यावर दीड वर्ष हसत होतो. माशासाठी वेडा झालेला माणूस म्हणून त्यांच्या गोष्टी घरी सांगत होतो. गाव न सोडता माझं दफ्तर परकं झालं तर मी वर्षभर चिडचिड करत होतो आणि हा माणूस मात्र शेंड्या जाळून घर करत बसला होता. मला माझीच फार लाज वाटली. सही न घेता मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायऱ्यांपाशी गेलो आणि पिशवीभर शेंड्या वेचल्या. सोनाबाई देवीला आली होती, तिनं मला बघितलं. खाली वाकून दोन शेंड्या उचलल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. संध्याकाळी मी ती पिशवी कोचरेकरांच्या चुलीपाशी ठेवली. त्यांनी एक शेंडी उचलून हुंगली, वाळलेली होती, आत सरकवली. धूर वर चढला, रिकाम्या तारेभोवती फिरला आणि माझ्या डोळ्यांत गेला.

"मुन्शी, वास कसलो येता?" त्यांनी विचारलं.

मी जन्मात मासा चाखला नाही. तुळजापुरात, देवीच्या गावात बसून मी म्हणालो, "बांगड्याचा."

कोचरेकरांनी माझ्याकडं बघितलं आणि थोडं सरकून पाटावर जागा केली.